विचारपूस आणि चौकशी

परदेशातील जीवनाविषयी आपल्या समाजात एक वाक्य फार प्रचलित आहे. "तिथे कोणी कोणाला विचारत नाही." अमेरिका, कॅनडा, विलायत येथून सुट्टीवर आलेले चाचा-मामू हे वाक्य हमखास बोलतात. विशेष म्हणजे एकच माणूस ते दोन वेगवेगळ्या अर्थांनी बोलतो. आजारपणाचा, म्हातारपणाचा किंवा मयतीचा विषय निघाला की ते तक्रार म्हणून येते. पोशाख, नोकरी, लग्न, मुलीचे शिक्षण यांचा विषय निघाला की तेच वाक्य कौतुक म्हणून येते. बोलणाऱ्याला त्यात विसंगती जाणवत नाही, ऐकणाऱ्यालाही नाही.

आम्हाला मात्र या एका वाक्यात आधुनिक पाश्चात्त्य समाजासंबंधीचा मूळ नैतिक प्रश्न दडलेला दिसतो. आपल्याला कोणी विचारत नाही, ही सुटका आहे की पोरकेपण? आणि दोन्ही असेल तर त्यातले एक घेऊन दुसरे टाळता येते का? भारतीय वंशाच्या स्थलांतरित लेखकांनी गेल्या पन्नास वर्षांत इंग्रजीत जे कथा-कादंबरी लेखन केले, ते या प्रश्नाभोवती पुन्हा पुन्हा फिरते. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. वर्गातल्या कित्येक मुलांचे घर परदेशातून येणाऱ्या पैशावर चालते आणि त्यांतली काही मुले उद्या स्वतः तिकडे जातील. त्यामुळे हा प्रश्न आमच्यासाठी केवळ साहित्यचर्चेचा राहत नाही.

आधी एक फरक लक्षात घ्यायला हवा. कोकणातल्या मुसलमान घरांना आखात जवळचे आहे. पण आखातात गेलेला माणूस बहुधा तिथला नागरिक होत नाही. कामाचा करार, व्हिसा, पगार आणि गावात उभे राहणारे घर असा त्याचा हिशेब असतो. परतायचे हे ठरलेलेच असते. म्हणून त्या समाजाला आपले म्हणायचे की नाही, हा सवाल त्याच्यापुढे उभा राहत नाही. अमेरिकेने 1965 मध्ये कायदा बदलून देशवार कोटा रद्द केला आणि कॅनडाने 1967 मध्ये शिक्षण व कौशल्याला गुण देण्याची पद्धत आणली. त्यानंतर डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक बायकामुलांसह तिकडे गेले आणि स्थायिक झाले. त्यांची मुले तिथेच जन्मली. ज्या समाजात आपली कबर होणार, त्याच्याविषयी मत बनवावेच लागते. 'आम्ही पाहुणे आहोत' ही सबब तिथे फार दिवस चालत नाही.

पहिले उदाहरण मुंबईकराचे घेऊ. व्ही. एस. नायपॉल यांच्या 'इन अ फ्री स्टेट' या 1971 च्या बुकर पुरस्कारप्राप्त पुस्तकात संतोष नावाच्या नोकराची कथा आहे. मुंबईत एका सरकारी अधिकाऱ्याकडे तो स्वयंपाकपाणी करतो आणि रात्री फुटपाथवर मित्रांच्या सोबतीने झोपतो. साहेबांची बदली वॉशिंग्टनला होते, तोही मागे लागून जातो. तिथे त्याला झोपायला कपाट मिळते. पुढे तो साहेबांना सोडून पळतो, एका भारतीयाच्या हॉटेलात आचारी होतो आणि शेवटी एका कृष्णवर्णीय बाईशी लग्न करून नागरिकत्व मिळवतो. कागदोपत्री तो पूर्ण आझाद होतो, पण ही आझादी त्याला जड जाते. आपल्या शरीराला खाऊ घालायचे, कपडे घालायचे आणि दिवस संपण्याची वाट पाहायची, इतकेच त्याच्या हाती उरते. मुंबईच्या फुटपाथवर त्याचे स्वतःचे असे काहीच नव्हते, पण रात्री एखादा दिवस तो आला नाही तर 'संतोष कुठे गेला' असे विचारणारी माणसे होती.

दुसरी कथा झुंपा लाहिरी यांची. 'इंटरप्रीटर ऑफ मॅलडीज' हा त्यांचा संग्रह 1999 मध्ये आला आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पुरस्कार मिळाला. त्यात मिसेस सेन नावाची बंगाली बाई आहे. नवरा विद्यापीठात गणित शिकवतो आणि ती घरी एलियट नावाच्या अकरा वर्षांच्या अमेरिकन मुलाला शाळा सुटल्यावर सांभाळते. एक दिवस ती त्याला विचारते, मी आत्ता मोठ्याने किंचाळले तर कोणी येईल का? कलकत्त्यात जरा आवाज चढला तरी अर्धी गल्ली गोळा होते, हे तिला आठवते. मुलगा विचार करतो. कोणी फोन करील कदाचित, पण तो गोंगाटाची तक्रार करण्यासाठी असेल.

इथवर वाचले की आपल्यासारख्या वाचकाला समाधान वाटू लागते. बघा, पैसा आहे पण माया नाही. यंत्रे आहेत पण माणुसकी नाही. आपल्याकडे परदेशावरची भाषणे आणि लेख बहुतेक इथेच थांबतात. वृद्धाश्रमांची गोष्ट सांगायची, घटस्फोटांची गोष्ट सांगायची आणि आपल्या तहजीबीची पाठ थोपटायची. पण या लेखकांना एवढेच म्हणायचे असते, तर त्यांनी कथा लिहायची गरज नव्हती. ते काम मेहफिलीतल्या गप्पांनीही झाले असते.

त्याच संग्रहातली शेवटची कथा पाहा. 1969 साली, माणूस चंद्रावर उतरला त्या दिवसांत, एक बंगाली तरुण लंडनमार्गे बोस्टनला येतो आणि आठवड्याला आठ डॉलर भाड्याने एका म्हातारीच्या घरात खोली घेतो. मिसेस क्रॉफ्ट एकशे तीन वर्षांची आहे आणि एकटी राहते. मुलगी हेलन रविवारी येऊन आठवड्याचे सूप करून ठेवते. तरुणाला हे कळते तेव्हा धक्का बसतो. या वयाची बाई एकटी, रात्री काही झाले तर? तो तिचा कोणी नाही. भाड्यापलीकडे त्याच्यावर कसलीही जबाबदारी नाही. तरीही भाड्याचे पाकीट तो पियानोवर ठेवून निघून न जाता तिच्या हातात देतो, संध्याकाळी तिच्याजवळ बसतो आणि चंद्रावरच्या झेंड्याविषयी तिला जे ऐकायचे असते ते तिच्या समाधानासाठी रोज बोलतो. त्याने अमेरिकन समाजावर निकाल दिला नाही. आपल्या घरून आणलेली सवय त्याने तिथे वापरली, एवढेच.

या कथेत आणखी एक गोष्ट आहे, जी घाईने वाचताना निसटते. हेलन भाडेकरूशी बोलायला वरच्या मजल्यावर येते, तेव्हा म्हातारी खालून रागावते. लग्न न झालेल्या बाईने परक्या पुरुषाशी एकांतात बोलणे तिला पसंत नाही. हेलनचे वय त्या वेळी अडुसष्ट आहे! मुलीच्या आखूड पोशाखावरही तिचा आक्षेप आहे. म्हणजे 1866 मध्ये जन्मलेली ही अमेरिकन बाई आपल्या मोहल्ल्यातल्या कोणत्याही दादीअम्मीला शोभेल अशीच आहे. ज्याला आपण 'पाश्चात्त्य' म्हणतो ते तिथल्या मातीतच होते असे नाही. एकट्याने राहण्याची ही रीत तिथेही हल्लीची आहे आणि तिथल्या जुन्या माणसांनाही ती सोसावी लागली.

आता वाक्याची दुसरी बाजू. भारती मुखर्जी यांच्या 'जस्मिन' या 1989 च्या कादंबरीतली ज्योती पंजाबातल्या खेड्यातली तरुण विधवा आहे. ती बेकायदा मार्गाने अमेरिकेत पोहोचते. न्यूयॉर्कमध्ये आधी ती फ्लशिंग भागात पतीच्या जुन्या प्रोफेसरांच्या घरी राहते. घर आपल्या लोकांचे, भाषा आपली, जेवण आपले. पण तिथे तिने विधवेसारखेच राहायचे असते आणि तिचा जीव गुदमरतो. मग तिला मॅनहॅटनमध्ये एका अमेरिकन जोडप्याची मुलगी सांभाळण्याचे काम मिळते. तिथे तिला कोणी तिच्या वैधव्याचा हिशेब विचारत नाही आणि तिला श्वास घेता येतो. मुखर्जींनी अमेरिकेकडे फारच आशेने पाहिले अशी टीका झाली आणि ती निराधार नाही. पण जिला मायदेशात तिच्या दुर्दैवाचाच जाब विचारला जात होता, तिच्यासाठी 'कोणी विचारत नाही' हे शब्द रहमत ठरतात, हे नाकारता येत नाही. मिसेस सेनला गल्ली हवी आहे, ज्योतीला गल्लीपासून सुटका हवी आहे. दोघीही भारतीय आणि दोघीही खऱ्या आहेत.

मराठी भाषेने आपल्याला इथे मदत केली आहे. आपल्याकडे 'विचारणे' या क्रियेतून दोन वेगळे व्यवहार होतात आणि त्यांना दोन वेगळी नावे आहेत. एक विचारपूस, दुसरी चौकशी. दोन्हींत प्रश्न असतो, कित्येकदा शब्दही तेच असतात. "कुठे होतास इतका वेळ?" हा प्रश्न आई काळजीने विचारते आणि पोलीसही विचारतो. फरक प्रश्नात नसतो, विचारणाऱ्याच्या हेतूत असतो. विचारपूस करणाऱ्याला समोरच्याचे दुःख हलके करायचे असते. चौकशी करणाऱ्याला निकाल द्यायचा असतो, आणि तो पुष्कळदा आधीच ठरलेला असतो.

हा भेद हाती आला की स्थलांतरितांचे साहित्य अधिक नीट उलगडते. मुखर्जींचीच 'द मॅनेजमेंट ऑफ ग्रीफ' ही कथा घ्या. 23 जून 1985 रोजी कॅनडाहून भारताकडे येणारे एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान बॉम्बस्फोटाने आयर्लंडजवळ समुद्रात कोसळले आणि 329 माणसे गेली. त्यांतले बहुसंख्य कॅनडाचे नागरिक होते. तरी तिथल्या पंतप्रधानांनी शोकसंदेश पाठवला तो भारताच्या पंतप्रधानांना. जणू मेलेली माणसे परकी होती. कॅनडा सरकारने मृतांच्या कुटुंबीयांची माफी मागितली ती 2010 मध्ये. कथेतली शैला भावे या दुर्घटनेत पती आणि दोन मुले गमावते. आडनाव आपल्या ओळखीचे आहे. सरकारची समाजसेविका ज्युडिथ तिच्याकडे येते. ज्युडिथ वाईट बाई नाही. तिला खरोखर मदत करायची आहे, पण तिच्याजवळ शोकाच्या पायऱ्यांचे पुस्तक आहे आणि सह्या घ्यायचे कागद आहेत. एक वृद्ध शीख जोडपे सही करत नाही. सही केली तर मुलगे परत येतील ही उमेद सोडून दिल्यासारखे होईल, असे त्यांना वाटते. ज्युडिथला हा अडाणी हट्ट वाटतो. शैला गाडीतून उतरून निघून जाते.

आधुनिक पाश्चात्त्य राज्याने विचारपुशीचे काम खात्याकडे सोपवले. याचे मोल कमी नाही. ज्याचे कोणी नाही त्यालाही औषध, निवारा आणि पेन्शन मिळावे, कोणाच्या मर्जीवर आणि ओळखीवर त्याने अवलंबून राहू नये, ही मोठी इन्साफाची गोष्ट आहे. आपल्या देशात रेशनकार्डासाठी किंवा दाखल्यासाठी ज्याने खेटे घातले आहेत, त्याने तरी तिची टिंगल करू नये. पण खाते अर्ज भरून घेऊ शकते, उशाशी बसू शकत नाही. कागदाला जे उत्तर अपेक्षित असते तेच द्यावे लागते, आणि त्या क्षणी विचारपुशीची चौकशी होते.

मग 'आपली माणसे' तरी विचारपूस करतात का? किरण देसाई यांच्या 2006 च्या बुकर विजेत्या 'द इनहेरिटन्स ऑफ लॉस' कादंबरीत याचे उत्तर कडू आहे. आचाऱ्याचा मुलगा बिजू न्यूयॉर्कच्या हॉटेलांत कागदपत्रांशिवाय राबतो. शेवटी तो एका भारतीय मालकाच्या 'गांधी कॅफे'त लागतो. तिथे गोमांस शिजत नाही म्हणून त्याला बरे वाटते. नोकरांना रात्री तिथेच स्वयंपाकघरात झोपावे लागते. बिजू घसरून पडतो, गुडघा दुखावतो, आणि डॉक्टरचा विषय काढताच मालक हात झटकतो. नाव गांधींचे, मालक आपला आणि विचारपूस शून्य. याच बिजूला आधीच्या एका नोकरीत सईद सईद भेटतो. तो झांझिबारचा मुसलमान आहे. घरून आणलेल्या पूर्वग्रहांनुसार बिजूने त्याच्यापासून दूर राहायला हवे होते. पण त्याला तो आवडतो, त्याच्याविषयी आदर वाटतो. जो तिरस्कार आपण वारशाने घेऊन आलो, त्याचे या माणसासमोर काय करायचे, असा पेच त्याला पडतो. गावात राहिला असता तर हा पेच त्याला कधी पडलाच नसता. परदेशाने बिजूला लुटले हे खरे, पण हे एक शिक्षणही त्याला परदेशानेच दिले.

मुसलमान स्थलांतरितांच्या घरात हा प्रश्न आणखी नाजूक होतो. एम. जी. वासनजी यांच्या 1991 च्या 'नो न्यू लँड' मध्ये दार-एस-सलामहून आलेली भारतीय वंशाची मुस्लिम कुटुंबे टोरंटोच्या एका उंच इमारतीत राहतात. नूरुद्दीन लालानी एका पडलेल्या मुलीला मदत करायला जातो आणि विनयभंगाचा आरोप अंगावर घेऊन बसतो. त्या देशाचा कायदा त्याच्याकडे संशयाने पाहतो. पण त्याला त्याहून अधिक छळते ती भिंतीवरची वडिलांची तसबीर. मेलेला कठोर बाप त्या फोटोतून त्याची चौकशी करतो आहे असे त्याला वाटते. सात समुद्र ओलांडले तरी ती नजर संपत नाही.

फातिमा फरहीन मिर्झा यांच्या 2018 च्या 'अ प्लेस फॉर अस' मध्ये हीच गोष्ट पुढच्या पिढीत येते. कॅलिफोर्नियातले एक धार्मिक भारतीय मुस्लिम कुटुंब, दोन मुली आणि धाकटा मुलगा अमर. बाप रफीक मुलांवर प्रेम करतो, पण त्याच्या प्रेमाला बहुतेक वेळा सवालाचेच रूप येते. कुठे गेलास, कोणाबरोबर, का नाही केलेस. बापाचे घड्याळ मुलाला नाही, मोठ्या मुलीला, हादियाला मिळते. अमर घर सोडून जातो. शेवटच्या भागात म्हाताऱ्या रफीकचा आवाज ऐकू येतो आणि तेव्हा कळते की या माणसाच्या पोटात किती माया होती. मुलापर्यंत मात्र केवळ चौकशीच पोहोचली. या घराला पाश्चात्त्य समाजाने फोडले असे म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. कादंबरी तसे म्हणू देत नाही.

काही मित्र म्हणतात, हा भेद पुस्तकी आहे. प्रत्यक्षात विचारपूस हवी असेल तर थोडी चौकशी सहन करावीच लागते, मोहल्ल्याचे प्रेम आणि मोहल्ल्याची नजर एकाच पुडीत येते. या म्हणण्यात तथ्य आहे. जो दारावर लक्ष ठेवतो, तोच दार दोन दिवस उघडले नाही म्हणून येऊन पाहतो. पण हे तथ्य मान्य करताना पुडीची किंमत कोण देते, हेही पाहायला हवे. नजर सर्वांवर सारखी नसते. ती सुनेवर, विधवेवर, नोकरी करणाऱ्या मुलीवर, वेगळा विचार करणाऱ्या पोरावर जास्त असते. आणि मायेची जी ऊब आपण पश्चिमेला दाखवतो, ती टिकवण्यासाठी रात्रंदिवस राबणाऱ्या हातांत पुरुषांचे हात थोडे असतात. ज्यांना पुडीतली माया अधिक मिळते आणि नजर कमी, त्यांनी 'चालायचेच' म्हणणे सोपे आहे.

शिवाय आपल्याला चौकशी म्हणजे काय हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. शहरात भाड्याची खोली बघायला गेल्यावर नाव सांगताच घरमालकाचा बदललेला सूर आपल्यापैकी अनेकांनी ऐकला आहे. 'आपण मूळचे कुठले?' या साध्या प्रश्नातली धार आपल्याला चांगली समजते. अमेरिकेत 11 सप्टेंबर 2001 नंतर मुस्लिम नावांच्या माणसांना विमानतळावर जे प्रश्न ऐकावे लागले, त्यांची जातही हीच. बाहेर ज्याची चौकशी होते, त्याने घरात आणि मोहल्ल्यात तरी विचारपूस आणि चौकशी यांत गल्लत करू नये, एवढी अपेक्षा गैर नाही.

मग दोन्ही वेगळे ओळखायचे कसे? आम्हाला एक साधी कसोटी सुचते. प्रश्न विचारल्यावर न आवडणारे उत्तर ऐकून घेण्याची आपली तयारी आहे का? असेल तर ती विचारपूस. नसेल तर, सूर कितीही गोड असो, ती चौकशीच. बंगाली तरुण म्हातारीजवळ बसला तेव्हा त्याला तिच्याकडून कोणतेच ठरावीक उत्तर नको होते. ज्युडिथला हवे होते. रफीकला हवे होते. गांधी कॅफेच्या मालकाने तर प्रश्नच केला नाही.

या कसोटीवर पाश्चात्त्य समाज पूर्ण उतरत नाही. चौकशीपासून माणसाला वाचवताना त्याने विचारपूसही कमी केली. मिसेस सेनच्या कथेच्या अखेरीस एलियट घरात एकटा राहू लागतो. आई कामावरून फोन करून विचारते, तू ठीक आहेस ना? तो 'ठीक आहे' म्हणतो. आईच्या मायेत खोट नाही, पण फोनवर यापेक्षा वेगळे उत्तर देणे त्या मुलाला शक्य नाही. आपला समाजही या कसोटीवर उतरत नाही. आपल्याकडे पोरगा 'ठीक आहे' म्हणतो, कारण खरे सांगितले तर काय होईल हे त्याला ठाऊक असते. दोन्हीकडे उत्तर एकच आणि दोन्हीकडे ते खोटे.

उद्या आमच्या वर्गातली मुले टोरंटोला किंवा लंडनला जातील. जाताना त्यांच्या सामानात आपण बरेच काही भरतो. लोणचे, पापड, जानमाज, मोठ्यांच्या दुआ आणि 'तिथल्या लोकांपासून सांभाळून राहा' ही ताकीद. ताकीद द्यावी, पण ती एकटी पुरेशी नाही. भाड्याच्या घराखाली एखादी म्हातारी एकटी राहत असेल तर तिच्या दारावर थाप मारायची सवयही बरोबर द्यावी. आणि ती सवय द्यायची तर ती आधी इथे, याच गल्लीत, मुलांना दिसली पाहिजे. यूपी-बिहारहून आलेल्या बेकरी कामगाराच्या खोलीत कोणी आजारी पडले तर आपण जातो की नाही, माहेरी परत आलेल्या मुलीला आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो, हे मुले पाहत असतात. तिकडे गेल्यावर ती तेच करतील.